‘बाष्पीभवनामुळे.’ बरं, कशावरून?

२०२३-२४ मध्ये बालभारतीच्या पुस्तकांत अचानक कोरी पानं आली होती, आठवतंय? धड्यागणिक ‘माझी नोंद’ म्हणून मोकळी जागा. वेगळ्या वहीची गरज उरणार नाही आणि दप्तराचं ओझं हलकं होईल, असा त्यामागचा विचार होता. पोरं वह्या आणतच राहिली, आणि २०२५-२६ पासून ती पानं काढूनही टाकली. या दोन वर्षांत वाद झाला तो ओझ्यावर आणि कागदाच्या खर्चावर. त्या कोऱ्या पानावर मुलानं लिहायचं काय, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडला नाही.

मलाही पडला नव्हता. मी परभणी जिल्ह्यातल्या एका गावात सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतो. माझ्या वर्गात ती पानं भरली ती अशी: मी फळ्यावर उत्तर लिहायचो, पोरं विचारायची, “सर, हे वहीत घ्यायचं का पुस्तकात?”, आणि खाली माना घालून उतरवायची.

‘शास्त्रीय कारणे लिहा : उन्हाळ्यात माठातील पाणी थंड असते.’ वर्गात बत्तीस पोरं, बत्तीस वह्यांत एकच उत्तर: ‘कारण माठाच्या छिद्रांतून पाणी बाहेर येते व त्याचे बाष्पीभवन होते.’ पुढच्या बाकावरच्यानं ‘बाष्पीभवन’चं ‘बाष्पीभजन’ केलं, तर मागच्या तीन बाकांवर भजन सुरू. मी सगळ्यांना टिकमार्क केली, सही ठोकली, तारीख टाकली. एक दिवस सहज विचारलं, “बाष्पीभवन झालं तर पाणी कमी व्हायला पाहिजे. गार का व्हावं?” वर्ग चिडीचूप. खरं सांगायचं तर माझीही क्षणभर गोची झाली.

मूल विज्ञानाच्या तासाला काय लिहितं, त्यानं विज्ञान कळायला मदत कशी होते आणि आपण ते कसं बिघडवतो, याविषयी हा लेख आहे. घरात सहावी-सातवीतलं पोर असेल तर वाचता वाचता त्याची वहीही जवळ ओढा.

उतरवणं वेगळं, मांडणं वेगळं

किराणा दुकानदाराला विचारा. दिवसभराचा हिशेब डोक्यात अगदी जुळलेला असतो. रात्री वहीत मांडायला बसलं की कळतं, दोनशे रुपयांचा पत्ता लागत नाही. डोक्यातल्या हिशेबाला भोक असलं तरी दिसत नाही, कागदावर ते लगेच दिसतं.

विज्ञानाचंही तसंच. “मला समजलंय सर” म्हणणाऱ्या पोराला चार ओळी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगा. दुसऱ्या ओळीला पेन थांबतं. जिथं थांबतं, तिथंच त्याची समज थांबलेली असते. ते थांबणं मास्तरासाठी सोन्याच्या मोलाचं, कारण आता कुठून सांगायचं ते कळतं. फळ्यावरून उतरवताना पेन कधीच थांबत नाही. म्हणून उतरवलेली वही सुंदर दिसते आणि काहीच सांगत नाही.

पंचनाम्यात असतं तेच

मग चांगलं वैज्ञानिक उत्तर असतं कसं? परिभाषेतले तीन शब्द एकदाच सांगतो: दावा, पुरावा, तर्क. दावा म्हणजे तुमचं म्हणणं. पुरावा म्हणजे तुम्ही पाहिलेलं, मोजलेलं. तर्क म्हणजे त्या पुराव्यावरून ते म्हणणं कसं सिद्ध होतं, हे जोडून दाखवणारा नियम. अमेरिकेत कॅथरीन मॅकनील आणि जोसेफ क्रायचिक यांनी याच वयाच्या मुलांच्या विज्ञानलेखनासाठी ही तीन खणांची मांडणी घडवली.

आपल्याकडे हे समजावायला अमेरिकेपर्यंत जायला नको. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीनंतर मराठवाड्यातल्या कुठल्या गावात पंचनाम्याची वाट पाहिली नाही? शेतकऱ्याचं म्हणणं: ‘माझं सोयाबीन गेलं, मदत मिळाली पाहिजे.’ हा दावा. त्यावर पैसे मिळत नाहीत. मग गट नंबर, क्षेत्र, पीक, किती भागात पाणी साचलं, शेंगांना कोंब फुटलेत का, अशी पाहणी होते, फोटो निघतात. हा पुरावा. आणि ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तर मदत, हा नियम पाहणीला आणि मागणीला जोडतो. हा तर्क. यातलं एक जरी गळलं तरी फाईल अडकते, हे गावातल्या अंगठेबहाद्दरालाही पाठ आहे.

‘बाष्पीभवनामुळे’ हा नुसता दावा आहे. पंचनामा झालेलाच नाही.

(‘न्याय’ या जुन्या भारतीय तर्कशास्त्रातलं ‘डोंगरावर आग आहे, कारण धूर दिसतो, जिथं धूर तिथं आग, जशी स्वयंपाकघरात’ हे उदाहरण अनेकांनी ऐकलं असेल. प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन अशा पाच पायऱ्या त्यात आहेत. आमच्याकडं आधीच होतं म्हणून छाती फुगवायला हे सांगत नाहीये. होतं, तर वहीत का नाही, एवढंच विचारतोय.)

वर्गात मी हे तीन जड शब्द वापरत नाही. ‘काय?’, ‘कशावरून?’ आणि ‘मग त्याचा संबंध काय?’ एवढे तीन प्रश्न पुरतात. यातला ‘कशावरून’ हा तर पारावरचा शब्द. “पाऊस येतोय आज.” “कशावरून?” “मुंग्यांनी अंडी हलवायला घेतलीत.” पुरावा बरोबर की चूक ते नंतर बघू, पण पुरावा मागायची सवय गावात आहे. शाळेच्या दारात चपलांबरोबर ती बाहेर राहते.

तीन भांडी आणि एक थर्मामीटर

मार्चपासून आमच्याकडं सकाळची शाळा. एप्रिलमधल्या एका दिवशी एक नवा माठ, बाहेरून ऑइलपेंट दिलेला तेवढाच दुसरा माठ आणि झाकणाची प्लास्टिकची बादली अशी तीन भांडी व्हरांड्यात सावलीला ठेवली. तिन्हीत टाकीतलं सारखंच पाणी. साडेसातला तिन्हींत २८ अंश. साडेअकराला बादलीत ३१, रंगाच्या माठात ३०, नव्या माठात २४.

मी फळ्यावर काहीही लिहिलं नाही. पोरं अस्वस्थ. “सर, काय घ्यायचं?” मी म्हटलं, दिसलं ते घ्या.

पहिली दहा मिनिटं फार वाईट गेली, हे कबूल करतो. निम्म्यांनी ‘माठातील पाणी बाष्पीभवनामुळे थंड होते’ हेच परत लिहिलं. एकानं प्रयोगाचं साहित्य, कृती, निष्कर्ष असे मथळे आखून खाली जागा कोरी ठेवली. पण खिडकीपाशी बसणाऱ्या, एरवी वही घरीच विसरणाऱ्या एका पोरानं लिहिलं होतं: ‘नव्या माठाला घाम यायलाय. रंगाच्या माठाला घाम नाही. म्हून ते गार नाही.’

शुद्धलेखनाचे गुण शून्य. विज्ञानाचे? दोन माठांत फरक फक्त रंगाचा, रंगानं छिद्रं बुजली, पाझर बंद आणि गारवाही बंद. कोरड्या शब्दांत ज्याला नियंत्रित तुलना म्हणतात, ती त्यानं तीन ओळींत केली होती. पुस्तकातल्या उत्तरात ती नाही.

राहिला संबंध. घाम आला की गार का? इथं मात्र शिकवावंच लागतं, पोरांना ते आपोआप सुचणार नाही. पाण्याचे कण सगळे एका वेगानं पळत नसतात. जे जोरात पळतात तेच आधी निसटून हवेत जातात. बाजारच्या दिवशी गल्लीतले सगळे धावपळे निघून गेले की मागं उरलेली गल्ली कशी संथ वाटते, तसं मागं राहिलेलं पाणी संथ कणांचं, म्हणजे गार. आकड्यात सांगायचं तर एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी उष्णता लागते. एक लिटर पाण्यातून दहा ग्रॅम, म्हणजे दोन चमचे पाणी उडालं आणि सगळी उष्णता उरलेल्या पाण्यातूनच गेली असं धरलं, तर ते जवळजवळ ६ अंशांनी उतरतं. बाहेरची ऊब आत येत राहते म्हणून प्रत्यक्षात थोडं जास्त पाणी उडावं लागतं. दोन चमचे! हा हिशेब फळ्यावर मांडल्यावर मागच्या बाकावरून पहिल्यांदा “आयला” ऐकू आलं.

मुलं सर्वांत जास्त अडतात ती याच तिसऱ्या खणात. आकडे लिहितात, म्हणणं लिहितात, पण दोहोंमधला पूल गायब. ‘२४ अंश झाले म्हणून बाष्पीभवन झाले’ असं ठोकून देतात. म्हणून शिकवायचा वेळ पूल बांधण्यावर घालवायचा, बाकीचं पोरं करतात.

बाटलीचा घाम

दुसऱ्या दिवशी एका मुलीच्या वहीत प्रश्न सापडला. ‘सर, फ्रीजच्या बाटलीला पण बाहेरून घाम येतो. मग ती गार व्हायची सोडून गरम का होते?’

असला प्रश्न फळ्यावरून उतरवलेल्या वहीत सापडत नाही. दोन्हीकडं बाहेरून ओलच, पण गोष्टी उलट्या. माठाची ओल आतून येते आणि उडताना उष्णता घेऊन जाते. बाटलीची ओल हवेतल्या वाफेची, ती पाणी होताना उष्णता बाटलीला देऊन टाकते. पण हे मी सांगितलं असतं तर परत उतरवणंच झालं असतं. मी तिच्या प्रश्नाखाली लिहिलं: ‘माठाची ओल आतलीच, कशावरून?’

तीन दिवसांनी उत्तर आलं. ‘आमच्या माठाला खालून पांढरा खार बसलाय. बाटलीला बसत नाही. खार बोरच्या पाण्यात असतो, हवेत नसतो.’

बोरच्या जड पाण्याला आपण उठता-बसता शिव्या घालतो. इथं ते पुरावा म्हणून उपयोगी पडलं. जुना माठ पाणी का गार करत नाही, याचं उत्तरही त्याच खारात आहे, तो छिद्रं बुजवतो. ते तिनं अजून लिहिलेलं नाही. मीही बोललेलो नाही.

“इथं पोरांना मराठी धड लिहिता येईना, विज्ञान कुठून लिहिणार?”

आसपासच्या शाळांचं मिळून जे केंद्र असतं, त्याच्या शिक्षण परिषदेत हा मुद्दा मांडला की पहिला आक्षेप हाच. त्यात तथ्य आहे. तांड्यावरच्या पोराची घरची बोली गोरमाटी. कुणाच्या घरी दखनी. ऊसतोडीला आईबापाबरोबर गेलेलं पोर दिवाळीनंतर जातं ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. त्याच्यासमोर ‘बाष्पीभवन’, ‘संघनन’, ‘उदासिनीकरण’ असे शब्द एका आठवड्यात येऊन आदळतात.

पण मग ‘आधी भाषा सुधारू दे, नंतर विज्ञान लिहू’ असं म्हणणं म्हणजे पोहायला आल्याशिवाय पाण्यात उतरायचं नाही म्हणण्यासारखं. पोराला ज्या शब्दांत विचार करता येतो त्या शब्दांत आधी लिहू द्यावं. ‘घाम यायलाय’ आधी, ‘बाष्पीभवन’ नंतर. कल्पना हातात आली की तिला नाव द्यायचं, गाय दारात आली की नाव ठेवतो तसं. आपण आधी नाव पाठ करून घेतो आणि गाय दाखवतच नाही.

मी सुरुवातीला अर्धी वाक्यं देतो. ‘मला वाटतं…’, ‘कारण मी पाहिलं की…’, ‘यावरून कळतं की…’. लिहिता न येणारं पोर सांगतं, शेजारचं लिहितं. चित्र काढून बाण मारले तरी चालतात. हळूहळू अर्धी वाक्यं काढून घ्यायची. ‘परीक्षानळी घेण्यात आली’ ही सरकारी परिपत्रकाची भाषाही मी बंद केलीय. कुणी घेतली? मी घेतली. मग लिही की, ‘मी घेतली’.

साहित्य नाही, हा याच आक्षेपाचा भाऊ. डिसेंबर-जानेवारीत हरभरा भरात असताना पहाटे रानात जा. फवारणी झालेली नाही ना, हे आधी विचारा. पानांवरून स्वच्छ फडकं फिरवा, वाटीत पिळा. ही आंब, पोटदुखीवर आजी देते ती. पानांवरच्या केसांतून मॅलिक आणि ऑक्झॅलिक आम्ल पाझरतं, म्हणून ती आंबट. जास्वंदाची फुलं चोळलेला कागद तिच्यात बुडवला की गुलाबी होतो, साबणाच्या पाण्यात हिरवट. आम्ल-आम्लारीचा अख्खा धडा एका वाटीत, खर्च शून्य. आता लिहा: हरभऱ्याची आंब आम्ल आहे. कशावरून?

“बत्तीस वह्या वाचायच्या कधी?”

शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीसाठी ३५ मुलांमागं एक शिक्षक म्हटलंय. प्रत्यक्षात एकाच मास्तराकडं तीन वर्ग, शिवाय ऑनलाइन माहित्या, शालेय पोषण आहार, निवडणूक. हा आक्षेप मला सगळ्यात जास्त पटतो, कारण मीच तो वर्षानुवर्षं वापरला.

तोडगा असा काढला: सगळं वाचायचं नाही. रोज पाच वह्या, त्यातला एकच परिच्छेद आणि खाली एकच प्रश्न. ‘छान’, ‘सुवाच्य लिहा’, ‘प्रगती आहे’ हे शेरे बंद. त्याऐवजी ‘कशावरून?’, ‘किती?’, ‘दुसरं काही कारण असू शकेल का?’. पोरानं पुढच्या आठवड्यात त्याखालीच उत्तर लिहायचं. शुद्धलेखनाला लाल पेन लावायचं ते शेवटी, आणि तेही दोनच चुकांना. पान लालेलाल झालं की पोर पुढच्या वेळी कमी लिहितं, म्हणजे चुकाही कमी होतात आणि विचारही.

बाकीचं काम पोरांवर. जोडीदाराची वही वाचायची आणि पुराव्याखाली रेघ मारायची. रेघ मारायला काही सापडलं नाही तर वही परत. पोरं यात माझ्यापेक्षा कडक असतात.

वेळ लागतो, नाही असं नाही. तीन भांड्यांना माझे चार तास गेले, नेहमी माठाचा मुद्दा मी दहा मिनिटांत उडवतो. म्हणून प्रत्येक धड्याला हे करायला जाऊ नये. महिन्यातून एक बास.

“पण परीक्षेत हे कुठं विचारतात?”

पालक हे विचारणारच, आणि लातूर-नांदेडच्या जवळ राहून त्यांनी का विचारू नये? सहावीपासून फाउंडेशनचे क्लास सुरू झालेत. शिष्यवृत्ती परीक्षेला आणि आठवीतल्या एनएमएमएस या केंद्र सरकारच्या शिष्यवृत्तीच्या परीक्षेला गोळे काळे करायचे, तिथं परिच्छेद लागत नाही.

तरी दोन गोष्टी बघा. एक, नवीन शैक्षणिक धोरण आलं २०२० साली, आणि त्यानंतर घोकलेल्यापेक्षा वापरता येणाऱ्या ज्ञानावर प्रश्न काढायचा रोख वाढतोय. त्यातल्या बहुपर्यायी प्रश्नातही तक्ता देतात, आलेख देतात आणि ‘यावरून कोणता निष्कर्ष निघतो?’ असं विचारतात. ज्यानं स्वतः २८, ३१, ३०, २४ हे आकडे लिहून त्यांच्याशी झटापट केलीय, त्याला तो तक्ता परका वाटत नाही. दोन, परीक्षाही बदलता येते. शेजारच्या मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत १९७२ साली प्रयोगांवर आधारलेला विज्ञान कार्यक्रम सुरू झाला. पोरं प्रयोग करून स्वतःच्या नोंदी लिहायची आणि परीक्षेला पुस्तक आणि वही उघडी घेऊन बसायची. वही कामाची असेल तरच ती परीक्षेत उपयोगी पडणार, मग वही आपोआप मन लावून लिहिली जाते. २००२ साली सरकारनं तो कार्यक्रम बंद केला. तीस वर्षं एक गोष्ट सरकारी शाळांत चालते आणि मग बंद होते, तेव्हा तिचं काय चुकलं यावर भांडणं होणारच, ती झालीही. पण उघड्या वहीची परीक्षा घेता येते, एवढं त्यातून नक्की दिसलं.

गाईडचा आणि मोबाईलचा प्रश्नही इथंच सुटतो. मोबाईलला ‘माठातलं पाणी गार का’ विचारलं तर माझ्यापेक्षा चांगलं उत्तर देईल. आपल्या व्हरांड्यातला रंगाचा माठ साडेअकराला किती अंशावर होता, ते त्याला माहीत नाही.

“मग हाही एक साचाच होणार”

होतोच. झालासुद्धा. दुसऱ्याच महिन्यात एका वहीत सापडलं: ‘काय : लोखंड गंजते. कशावरून : पान नंबर ४२.’ मी हसलो, मग वाईट वाटलं. पोरानं माझाच नियम पाळला होता, फक्त पुरावा म्हणजे काय हे त्याला अजून छापील कागदच वाटत होतं. पुस्तकातही ‘करून पहा’च्या खालीच बऱ्याचदा काय दिसेल ते छापलेलं असतं, मग पोरानं का करून बघावं?

त्याला खिळा दिला आणि म्हटलं, गंजवून आण. आठ दिवसांनी तो दोन खिळे घेऊन आला, एक गंजलेला आणि एक चकचकीत. चकचकीत खिळ्याला त्यानं घरच्या मोटरचं ग्रीस फासलं होतं. ते मी सांगितलं नव्हतं.

माठाची गोष्ट अजून संपलेली नाही. जुलैत पाऊस लागला तेव्हा त्याच पोरांनी नवा माठ परत मांडला, ‘नवा माठ चार तासांत पाणी ४ अंशांनी गार करतो’ असं भिंतीवर लावलेलं त्यांचं वाक्य पक्कं करायला. अकराला २७. तीनला २६. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. खिडकीपाशी बसणाऱ्या त्या पोरानं लिहिलं: ‘आमचं म्हणणं पावसाळ्यात चुकलं. माठाचा घाम पुसला तरी परत तसाच. माझा शर्ट पण दोन दिवस वाळंना.’

मी खाली लिहिलं: ‘मग त्याचा संबंध काय?’

त्याचं उत्तर: ‘हवा आधीच भरलीय सर. तिच्यात आता जागा नाही.’

‘जागा नाही’ हे काटेकोर नाही, मला कळतं. आर्द्रता हा शब्द मी अजून फळ्यावर लिहिलेला नाही. सोमवारी लिहिणार आहे.